जुना संगणक आणि यूएसबी प्रिंटर

जैनाबादसारख्या तापीकाठच्या गावी घरात प्रिंटर असला, की अर्जाच्या एका प्रतीसाठी नदीपलीकडे बुऱ्हाणपूरला जावे लागत नाही. परंतु अर्जाची मुदत संपत आली असता जुन्या संगणकास जोडलेला प्रिंटर चालेनासा झाला, तर तो निकामी झाला असा ग्रह करून घेऊ नये. दोष पुष्कळदा जोडणीत किंवा ड्रायव्हरमध्ये असतो.

प्रथम केबल पाहावी. यूएसबी २.० केबल ५ मीटरपेक्षा लांब नसावी. ती हबमध्ये न लावता संगणकाच्या मागील पोर्टमध्ये थेट लावावी. येथे एक गंमत होते. पोर्ट बदलल्यास विंडोज कधीकधी त्याच प्रिंटरला नवा समजून ‘कॉपी १’ अशी दुसरी नोंद करते, आणि कागद मात्र जुन्याच नावावर पाठविले जाऊन रांगेत अडकतात. अशा वेळी अडकलेली कामे रद्द करून नवी नोंद ‘डिफॉल्ट’ ठरवावी.

अनेक प्रिंटरांच्या बाबतीत ड्रायव्हर आधी व केबल नंतर, असा क्रम पुस्तिकेत सांगितलेला असतो. तो चुकला असल्यास अर्धवट नोंद काढून पुनश्च आरंभ करावा. ३२ बिट संगणकास ६४ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. विंडोज ७ चे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. म्हणून नवा प्रिंटर घेण्यापूर्वी खोक्यावरील यादी अवश्य वाचावी.

एवढे करूनही प्रत न निघाल्यास आणि मुदत दुसऱ्याच दिवशी असल्यास अर्जाची पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन दुकान गाठावे.