बुरुजावरचे निशाण

मी कॉलेजात मराठी शिकवणारा मनुष्य. संगणकाशी माझा संबंध हजेरी भरण्यापुरता. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे पुण्यास गेलो असता भाचीने आपला लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून “मामा, एवढं वाचून पाहता का?” असे विचारले, तेव्हा मी आधी चष्माच शोधू लागलो.

भाची संगणकावरील खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत नुकतीच लागली आहे. हे खेळ ‘युनिटी’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये रचतात. खेळातले दृश्य म्हणजे जणू रिकामा रंगमंच. त्यावरची भिंत, झाड, दिवा, फार काय कॅमेरासुद्धा, ‘गेमऑब्जेक्ट’ या एकाच नावाने ओळखला जातो. माणसाने हाताने मांडायच्या या वस्तू आता एआय एजंटाकडून मांडून घेता येतात. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची पद्धत जाहीर केली. तिच्यानुसार प्रत्येक अवजाराबरोबर त्याचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती द्यायची याचा तक्ता एजंटाला दिला जातो. अवजाराच्या पोटातला प्रोग्राम एजंटाला दिसत नाही. त्याने वाचायचे ते हे वर्णन! आणि वस्तू निर्माण करणाऱ्या अवजाराचे वर्णन लिहिण्याचे काम आमच्या भाचीकडे आले होते.

“चार रात्री जागतेय मामा. सोमवारी द्यायचंय. प्रोग्राम बरोबर आहे, पण एजंट भलतंच करतो. ऑफिसात एकजण म्हणालासुद्धा, मराठी मीडियमवाल्यांचं इंग्रजी असंच असायचं.”

स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या फिरायचा थांबला. कारण या मुलीला मराठी शाळेत घाला असा हट्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मीच धरला होता. बहीण काही बोलली नाही. पण न बोलणेही ऐकू येतेच की!

“दाखव पाहू काय भलतं करतो ते,” मी म्हटले.

दिवाळी म्हणून तिने चाचणीसाठी किल्लाच घेतला होता. एजंटाने बुरुजासाठी सिलिंडर आणला आणि जमिनीवर, म्हणजे शून्य उंचीवर, ठेवला. बुरुज अर्धा जमिनीत गेला! युनिटीतला सिलिंडर दोन मीटर उंच असतो आणि त्याची जागा मोजतात ती मध्यापासून. तळापासून नव्हे. ही गोष्ट वर्णनात कोठेच नव्हती. ती घातल्यावर बुरुज नीट उभा राहिला. तिप्पट उंच केला, तेव्हा तो सहा मीटरांचा झाला आणि त्याचा मध्य तीन मीटरांवर आला. येथवर ठीक.

मग निशाण. एजंटाने बुरुजाला निशाणाचा पालक केले (हा तिकडचाच शब्द, पालक हलला की मूलही हलते) आणि उंची दिली सहा मीटर. हिशेब अगदी चोख. पण निशाण बुरुजाच्या माथ्यापासून पंधरा मीटर वर, आकाशात लटकत राहिले आणि एजंटाने कळवले, “काम झाले.”

मी वर्णन वाचले. इंग्रजी साफ होते. “जागा : वस्तूची जागा,” एवढाच त्याचा अर्थ. मी विचारले, “जागा खरी, पण कुठून मोजायची?”

भाची क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. पालक असला की तिचे अवजार जागा पालकाच्या मध्यापासून मोजी आणि पालक तिप्पट ताणलेला असल्यामुळे सहाचे अठरा करी. तीन आणि अठरा, एकवीस. एजंट बिचारा जमिनीपासून मोजत होता. दोघांपैकी कोणाचेच गणित चुकले नव्हते.

मला माझीच प्रश्नपत्रिका आठवली. “संत कवी व पंत कवी यांपैकी कोणत्याही दोघांविषयी लिहा” असे मी एकदा विचारले होते. काहींनी एकूण दोघांवर लिहिले, काहींनी प्रत्येकी दोघांवर. पण निदान एका मुलाने हात वर करून विचारले तरी. हा एजंट बहुधा विचारत नाही. काहीतरी धरून चालतो आणि पुढे जातो.

मग आम्ही दोघे बसलो. “पालक दिला असेल तर जागा त्याच्या मध्यापासून मोजली जाते व त्याच्या ताणाच्या पटीत वाढते, नसेल तर दृश्याच्या मूळ बिंदूपासून, दुसरा आकडा उंचीचा,” असे तिने लिहिले. मी लांबलचक प्रस्तावना सुचवली, तर तिने ती लगेच काटली. हे वर्णन एजंटाच्या मर्यादित स्मरणात जागा अडवते म्हणे. आमच्या काही समीक्षकांनाही अशी अडचण असती तर! “असलेली वस्तू हलवायची असल्यास हे अवजार वापरू नये,” हे मात्र मी आग्रहाने घालायला लावले. कारण भिंत सरकव म्हटल्यावर एजंट नवीच भिंत उभारी आणि एकाच जागी आलेल्या दोन भिंती पडद्यावर लुकलुकत राहत.

रात्री साडेअकराला निशाण बुरुजावर बसले. उंचीचा आकडा होता एक. मग चारही बुरुजांवर निशाणे लाव म्हटले, तर चारही एकाच बुरुजावर! बुरुजांची नावे सारखीच होती ना. वस्तू नावाने न ओळखता तिच्या क्रमांकाने ओळखावी, अशी आणखी एक ओळ वाढली. बहिणीने चकल्यांची ताटली आणून ठेवली आणि जरा वेळ उभी राहून तीही किल्ला पाहू लागली.

सोमवारी संध्याकाळी भाचीचा फोन आला. वरिष्ठांनी सारे वर्णन ठेवले होते. एका ठिकाणचा स्वल्पविराम तेवढा काढला. तो मी घातला होता.