फसलेली लॉगिन मोजायची, पण कशावर?

नेटवर्क सुरक्षेत संशोधन करायचं ठरवलेल्या विद्यार्थ्याचा पहिला प्रस्ताव बरेचदा असा असतो: राउटर आणि स्विचवर कोणी वारंवार चुकीचा पासवर्ड टाकत असेल तर अलर्ट देणारी यंत्रणा. ऐकायला सोपं आहे. पाच वेळा चुकला की मेल पाठवा, झालं! मग गाईड विचारतात, ‘पाचच का?’ आणि आपण गप्प. खरं तर त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: हे पाच मोजायचे कशावर?

आधी उपकरण काय सांगतं ते बघू. सिस्कोच्या आयओएसमध्ये ‘लॉगिन ऑन-फेल्युअर लॉग’ ही कमांड दिली की फसलेल्या लॉगिनची नोंद सिसलॉगमध्ये जाते. कोणत्या युजरनेमने प्रयत्न झाला, कोणत्या आयपीवरून, कोणत्या पोर्टवर आणि कधी, एवढं त्यात मिळतं. या नोंदीची पातळी ४ असते (० सर्वांत गंभीर, ७ सर्वांत किरकोळ). सर्व्हरकडे फक्त ० ते ३ पाठवायचं असं कोणी ठरवून ठेवलं असेल, तर ही नोंद उपकरणाबाहेर पडतच नाही. तुमचा अलर्ट शांत, आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे.

वेळेचीही एक गंमत आहे. बऱ्याच जुन्या राउटरमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली की त्यांच्यासाठी १ मार्च १९९३ उजाडतो. ‘एका मिनिटात पाच वेळा’ असा नियम लिहिण्याआधी सगळ्या उपकरणांवर एनटीपी चालू आहे का, हे बघून घ्या.

आता मूळ मुद्दा. समजा आयपीवर मोजलं: एकाच पत्त्यावरून पाच अपयशं आली की अलर्ट. २०१६ मध्ये गाजलेलं मिराई साठेक ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्या घेऊन टेलनेटवर उपकरणं शोधत फिरायचं. अशा धसमुसळ्या पाहुण्याला हा नियम पकडतो. पण हल्लेखोराकडे हजार यंत्रं असतील आणि प्रत्येकानं एकदाच दार वाजवलं, तर कोणत्याही पत्त्याचा आकडा एकच्या वर जात नाही. बरं, युजरनेमवर मोजलं तर? एकच पासवर्ड शंभर नावांवर फिरवणारा निसटतो. उपकरणावर मोजलं तर चाळीस स्विचवर एकेक प्रयत्न करणारा निसटतो. म्हणजे मर्यादा पाच ठेवा नाहीतर तीन, मोजणीचा कप्पाच चुकला तर आकडा बदलून उपयोग नाही.

मोबिन जावेद आणि व्हर्न पॅक्सन यांचा २०१३ चा पेपर इथे जरूर वाचा. त्यांनी एकेका पत्त्यामागे न लागता संपूर्ण संस्थेतल्या एसएसएच अपयशांचं प्रमाण नेहमीपेक्षा सरकतंय का, हे आधी पाहिलं आणि मग त्यात कोण सामील आहे ते शोधलं. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या आठ वर्षांच्या नोंदींवर त्यांनी ते तपासलं. प्रश्न कसा उलटा करायचा, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

दुसरी अडचण गणिताची. स्टेफान ॲक्सेल्सन यांनी १९९९ मध्येच ती मांडली होती. कल्पनेतले आकडे घेऊ. दिवसाला १०,००,००० घटना, त्यांतल्या खऱ्या हल्ल्याच्या फक्त २०. तुमची यंत्रणा वीसच्या वीस पकडते आणि निर्दोष घटनांपैकी फक्त ०.१ टक्क्यावर खोटी ओरडते. प्रबंधात हे झकास दिसेल. पण रोज सुमारे १,०२० अलर्ट येतील आणि त्यांतले २० खरे, म्हणजे दोन टक्के. आठवडाभरात ॲडमिन ते मेल न उघडता वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायला लागेल, आणि खरे वीसही तिथेच जातील. खोटे अलर्ट येतात कुठून? पासवर्ड बदलल्यावर जुनाच पासवर्ड घेऊन रोज रात्री येणारी बॅकअपची स्क्रिप्ट हा हमखास उगम. ती आधी शोधा.

काही जण म्हणतात, अलर्ट कशाला, सरळ ब्लॉक करा. ‘लॉगिन ब्लॉक-फॉर १२० अटेम्प्ट्स ३ विदिन ६०’ ही कमांड तेच करते: ६० सेकंदांत तीन अपयशं आली की १२० सेकंद लॉगिन बंद. पण बंद सगळ्यांनाच, ॲडमिनलासुद्धा! ‘क्वाएट-मोड’साठी ॲक्सेस लिस्ट देऊन आपल्या व्यवस्थापनाच्या पत्त्यांना वाट मोकळी ठेवली नाही, तर बाहेरचा कोणीही मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून तुम्हाला तुमच्याच राउटरबाहेर ठेवू शकतो.

माझ्या मते सर्वांत मोलाचा अलर्ट वेगळाच आहे: बऱ्याच अपयशांनंतर आलेलं एक यश. त्यासाठी यशस्वी लॉगिनचीही नोंद लागते आणि ‘लॉगिन ऑन-सक्सेस लॉग’ ही वेगळी कमांड आहे. डेटा गोळा करायला बसण्याआधी ती दिली आहे का ते तपासा. सहा महिन्यांच्या नोंदींत फक्त अपयशंच असतील, तर कोण आत शिरलं हे त्यातून काढता येणार नाही.