हिरव्या ठिपक्यापलीकडचे साखरफूल

संक्रांतीला नववधूसाठी आणि तान्ह्या बाळासाठी हलव्याचे दागिने घडविणाऱ्या महाराष्ट्राला साखरेची कलाकुसर नवी नाही. आता वाढदिवसाच्या केकवरही साखरेचा गुलाब उमललेला दिसतो. केक अंडेविरहित आहे ना, हे कटाक्षाने विचारले जाते; फूल कशाचे आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो.

वास्तविक तो आधी विचारावयास हवा. पाकळी कागदासारखी पातळ लाटली जावी आणि वाळल्यावर ताठ राहावी, यासाठी साखरेला बांधून ठेवणारा पदार्थ लागतो. पाश्चात्त्य पद्धतीत ते काम अंड्यातील पांढरा भाग किंवा जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेले जिलेटिन करते. पाकिटावरील हिरवा ठिपका या दोहोंची शंका दूर करतो, सर्व शंका नव्हे. आपल्या लेबलिंग नियमांतील मांसाहाराच्या व्याख्येत मध, मधमाशांचे मेण आणि शेलॅक यांचा समावेश नाही. त्यामुळे लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या शेलॅकची (क्रमांक ९०४) चकाकी असली तरी ठिपका हिरवाच राहतो. बिटाचा लाल रंग (१६२) वनस्पतिजन्य खरा, परंतु कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरी तो चालत नाही. परदेशी रंगाच्या डबीवरील १२० हा क्रमांक कोचिनील किड्याचा असतो.

घरी केलेल्या फुलात असे काही दडून राहत नाही. २५० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, वनस्पतींच्या सेल्युलोजपासून बनणारी सीएमसी पावडर १२ ग्रॅम, एक चमचा वनस्पती तूप आणि सुमारे ४० मिलिलिटर पाणी एवढेच साहित्य पुरते. पाणी थोडे थोडे घालून गोळा मळावा व प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवावा. गुलाबासाठी प्रथम लहान शंकू करून पूर्ण वाळवावा. नंतर गोळा पातळ लाटून पाकळ्या कापाव्यात, कडा हलक्या दाबाने नाजूक कराव्यात आणि पाण्याच्या बोटाने एकीवर एक चढवीत चिकटवाव्यात. उरलेला गोळा सतत झाकलेला असावा. उघडा राहिल्यास त्यावर पापुद्रा धरतो. चकाकीसाठी शेलॅकचीही गरज नाही. वाळलेले फूल काही क्षण वाफेवर धरले की रंग पक्का बसून सौम्य तकाकी येते.

फुलाचा खरा शत्रू दमट हवा. पावसाळ्यात पाकळ्या वाळण्यास अधिक दिवस लागतात. फ्रिजमध्ये ठेवलेले फूल बाहेर काढताच त्यावर दव धरून ते मऊ पडते. पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या जागी ते महिनोन् महिने टिकते. तार वापरली असल्यास ती थेट केकमध्ये खुपसू नये. स्वच्छ नळीत घालून रोवावी आणि कापण्यापूर्वी काढून घ्यावी.

हाच टिकाऊपणा गृहिणीच्या व्यवसायाला उपयोगी पडतो. केक आजचा उद्या शिळा होतो. फुले सवडीच्या दिवसांत करून लग्नसराईपर्यंत ठेवता येतात. अशा विक्रीसाठी अन्न सुरक्षा नोंदणी आवश्यक असते. दर ठरविताना साखरेचा भाव गौण समजावा, कारण एका गुलाबाचा मोठा खर्च हातांच्या वेळेचा असतो. आणि खोक्यावर ठिपक्यासोबत प्रत्येक घटकाचे नाव लिहावे. ते वाचूनच कित्येक घरांत फूल बाजूला काढून ठेवायचे की ताटात घ्यायचे, हे ठरते.