विहारातले जाळे होस्टेलपर्यंत पोहोचते का?



'डोक्याचा डॉक्टर कशाला? वेड लागलंय का?' जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत काम करताना आम्ही हे नेहमी ऐकतो. पण त्याच वस्तीत वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ऐकायला उपासिका जमतात. वाचनापेक्षा नंतरच्या गप्पाच लांबतात! कोणाचा मुलगा दोन दिवस जेवला नाही, ते तिथेच कळते. एखादी आली नाही, तर दुसरी तिच्या घरी डोकावते. समाजशास्त्रात यालाच आधाराचे जाळे म्हणतात. समाजाशी बांधिलकी सैल झाली की आत्महत्येचा धोका वाढतो, हे एमिल दुरखीमने १८९७ मध्येच मांडले होते.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. जातीवरून झालेला अपमान एकट्याने गिळला की माणूस स्वतःलाच कमी समजू लागतो. तोच चार जणांत बोलला की कळते, खोट आपल्यात नाही. बाबासाहेबांच्या १९३७ च्या भेटीची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लांडोर बंगल्यावर लोक जमतात. अभिवादनाबरोबर तिथे हेही घडत असते.

गाव सुटले की मात्र हे जाळे तुटते. डॉ. पायल तडवी जळगावच्या, तडवी भिल्ल या आदिवासी समाजातल्या. मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेताना २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीवन संपवले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा कुटुंबाचा आरोप आहे. त्या वर्षी त्यांच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जबाबदारी संस्थांचीच आहे. पण आपला मुलगा पुण्याला किंवा सुरतला निघाला की तिथे आपले कोण आहे, हे मंडळाने विचारायला काय हरकत आहे? जयंतीची वर्गणी गोळा करायला घरोघर जाणारी पोरे आठवड्याला एक फोनही करू शकतात.

हेच जाळे कधी गळ्याशीही येते. मुलीने मनातले सांगितले आणि दुसऱ्या दिवशी गल्लीभर झाले, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. शिवाय झोप उडाली, जगणे नको वाटू लागले, तर नुसत्या मंगलमैत्रीने भागत नाही, उपचार लागतात. सरकारची टेलि-मानस सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. तिचा क्रमांक १४४१६. विहाराच्या फलकावर, पौर्णिमेच्या कार्यक्रमाशेजारी, तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.