वाडा विकला, पैसा ठेवायचा कुठे?

मुले नोकरीसाठी शहरात गेली, सोपा-माजघर ओस पडले, दरसाल कौले शाकारणे झेपेनासे झाले, म्हणून जुना वाडा विकून दोन खोल्यांच्या घरात राहायला जाणारी वडीलधारी जोडपी आता गावोगाव दिसतात. निर्णय शहाणपणाचा आहे. पण व्यवहार होताच सल्लागार गोळा होतात. कोणी म्हणतो बोअर मारा, कोणी दामदुपटीची योजना सांगतो, भावकीतला कोणी हातउसने मागतो. मंडळी, पीक बुडाले तर पुढचा हंगाम असतो. वाडा मात्र एकदाच विकता येतो.

समजा, सर्व खर्च वजा जाता १२ लाख रुपये उरले. घरविक्रीच्या नफ्यावर प्राप्तिकर लागू शकतो. तो आधी जाणकाराकडून तपासून बाजूला काढावा. मग वाटे करावेत.

पहिला वाटा दवाखान्याचा. १ लाख रुपये बचत खात्यात, केव्हाही काढता येतील असे ठेवावेत.

दुसरा वाटा घरखर्चाचा. वय ६० पूर्ण असेल तर पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ७ लाख ठेवावेत. मुदत ५ वर्षे, व्याज दर तीन महिन्यांनी हाती येते, मागे सरकारची हमी असते. मुदतीआधी मोडल्यास मात्र कपात होते.

तिसरा वाटा ४ लाखांचा. एकच पावती न करता १, २, ३ व ४ वर्षांच्या चार पावत्या दोन बँकांत कराव्यात. दरवर्षी एक सुटते. अडचणीत सगळी ठेव मोडावी लागत नाही.

दोन बँका कशासाठी? ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच विमा आहे. सर्व शाखा एकत्र धरतात. जिल्हा बँक व नागरी सहकारी बँकेला हा विमा लागू आहे. पतसंस्था व विकास सोसायटीतील ठेवींना नाही. ओळखीचा संचालक म्हणजे विमा नव्हे! व्याज जास्त दिसले की हे आधी विचारावे.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. खाते दोघांच्या नावे करावे, वारसाची नोंद करावी आणि पासबुके, पावत्या कुठे आहेत हे घरच्या लक्ष्मीलाही ठाऊक असावे. धनी गेल्यावर बँकेच्या दारात तिने हेलपाटे घालू नयेत, यासाठीच ही सारी खटपट.