'ओह' : कळल्याची पोच

इंग्रजी संभाषणात घडोघडी कानावर पडणारा 'ओह' हा उद्गार इंग्रजीच्या शालेय व्याकरणात मात्र शेवटच्या प्रकरणातील दोन-तीन ओळींपुरताच भेटतो. आनंद, दुःख किंवा आश्चर्य दाखवणारा शब्द एवढी त्याची ओळख करून दिली जाते आणि पुस्तक संपते. बोललेल्या आणि लिहिलेल्या इंग्रजीच्या प्रचंड संग्रहावर आधारलेले जे लाँगमन व्याकरण 1999 साली प्रसिद्ध झाले, त्यात रोजच्या संभाषणातील सर्वाधिक वापराचा उद्गार म्हणून 'ओह'चीच नोंद आहे. इतक्या वेळा उच्चारला जाणारा शब्द केवळ भावनेच्या भरात तोंडातून निसटत असेल, तर इंग्रजी बोलणारी माणसे दिवसभर भावनेच्या भरातच असतात असे मानावे लागेल, आणि ते खरे नाही. गेल्या चार दशकांत संभाषणाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांनी या एकाक्षरी शब्दाचे खरे काम उलगडून दाखवले असून, ते काम भावनेपेक्षा ज्ञानाशी अधिक निगडित आहे.

व्याकरणाने या शब्दवर्गाला कडेला का बसवले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या डायोनिशियस थ्रॅक्स या वैयाकरणाच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांच्या आठ जाती होत्या, परंतु त्यांत उद्गारांना स्वतंत्र जागा नव्हती. ते क्रियाविशेषणांतच मोडत. रोमन वैयाकरणांनी हाच आराखडा लॅटिनला लावला तेव्हा ग्रीकमधील उपपद ही जात लॅटिनमध्ये नसल्याने एक जागा मोकळी पडली आणि आठाचा आकडा राखत तिथे उद्गारांची स्थापना झाली. त्यांना दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थ 'मध्येच टाकलेला' असा आहे, म्हणजे वाक्यात असूनही वाक्याचा नसलेला. हीच परंपरा इंग्रजी व्याकरणात आली आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून मराठीची व्याकरणे लिहिली जाऊ लागली तेव्हा मराठीतही उतरली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 सालचे आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 सालचे. आज शाळेत शिकवली जाणारी शब्दांच्या आठ जातींची मांडणी याच वाटेने आलेली असून, तिच्यातील आठवी जात केवलप्रयोगी अव्ययांची आहे. वाक्यातील अन्य शब्दांशी व्याकरणिक संबंध नसणारा, मनातील भावना एकदम व्यक्त करणारा अविकारी शब्द ही या अव्ययाची व्याख्या सर्वांना पाठ असते. व्याख्येचा पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसऱ्याने मात्र पुष्कळ गैरसमज निर्माण केला.

'ओह'च्या रूपाबद्दल थोडक्यात सांगायचे तर, लिहिताना त्याच्या शेवटी 'ह'चे अक्षर असले तरी उच्चारात तो 'ह' नसतो. ऐकू येतो तो केवळ 'ओ', आणि तोही इंग्रजीतील इतर शब्दांमधल्या 'ओ'सारखाच, म्हणजे ब्रिटिश माणसाच्या तोंडी एक आणि अमेरिकनाच्या तोंडी किंचित वेगळा. वेदनेने निघणारा कण्हण्याचा आवाज जगभर साधारण सारखा असेल. 'ओह' मात्र त्या त्या बोलीच्या उच्चारनियमांनी बांधलेला आहे, आणि एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने 1921 मध्येच हे दाखवून दिले होते की उद्गार हे नैसर्गिक आवाज नसून त्या आवाजांवरून प्रत्येक भाषेने आपापल्या परीने घडवलेले शब्द आहेत. 'ह' नसलेला, एकाच मोठ्या अक्षरात लिहिला जाणारा 'ओ' हा याचा जुना भाऊबंद. तो देवाला, राजाला किंवा देशाला साद घालताना वापरतात, जसा तो कॅनडाच्या राष्ट्रगीताच्या 'ओ कॅनडा' या नावात आहे. सादेचा 'ओ' पुढच्या नामाला चिकटून राहतो, तर 'ओह'नंतर बहुधा स्वल्पविराम येतो, आणि या विरामातच त्याचे वेगळेपण सामावलेले आहे.

उद्गारांकडे नव्या नजरेने पाहता आले ते ध्वनिमुद्रणामुळे. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात हार्वी सॅक्स या समाजशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसच्या आत्महत्या-प्रतिबंधक केंद्रात आलेल्या दूरध्वनींची मुद्रणे अभ्यासायला घेतली आणि त्यातून 'संभाषण-विश्लेषण' ही अभ्यासशाखा उभी राहिली. सॅक्स यांच्या सहकारी गेल जेफरसन यांनी श्वास, अडखळणे, एकमेकांच्या बोलण्यावर बोलणे, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजलेली शांतता हे सारे कागदावर उतरवण्याची चिन्हपद्धती तयार केली. लेखनिक ज्यांना कचरा समजून गाळून टाकत, ते 'अं', 'हं', 'ओह' या पद्धतीमुळे प्रथमच जागच्या जागी दिसू लागले, आणि ते कुठेही पडत नाहीत, ठरावीक ठिकाणीच पडतात, हे ध्यानात आले.

'ओह'ची अशी ठिकाणे जॉन हेरिटेज या अभ्यासकाने 1984 साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घ निबंधात तपासली. त्यांचा निष्कर्ष असा की बोलणाऱ्याच्या ज्ञानाच्या, समजुतीच्या किंवा अवधानाच्या स्थितीत आत्ताच बदल झाला, ही गोष्ट 'ओह' समोरच्याला कळवतो. मैत्रिणीने दूरध्वनीवर सांगितले, की बैठक मंगळवारी नसून बुधवारी आहे. ऐकणारी नुसते 'येस' म्हणाली तर 'हे मला ठाऊक होते' असा अर्थ निघतो, नुसते 'अहं' असा हुंकार दिला तर 'पुढे बोल' असा निघतो, पण 'ओह' म्हणाली तर ती बातमी तिला नवी होती आणि ती तिच्यापर्यंत पोचली असे ठरते. एका अक्षराने दिलेली ही पोचपावतीच आहे. पावती मिळाल्यावर बातमी देणाऱ्याला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागत नाही. दोघांच्याही दृष्टीने आता ती दोघांना ठाऊक असलेली गोष्ट झालेली असते. मात्र ही पावती सहसा एकटी येत नाही. 'ओह, गुड', 'ओह नो', 'ओह डिअर' असा बातमीचे मोल करणारा शब्द तिला जोडून येतो, किंवा लगेच पुढचा प्रश्न येतो. 'ओह'ने बातमी पोचल्याचे सांगितले, आणि ती बरी की वाईट हे पुढच्या शब्दाने ठरवले, अशी ही श्रमविभागणी आहे.

प्रश्नोत्तरांत हे आणखी स्पष्ट होते. एकाने विचारले, दुसऱ्याने उत्तर दिले, आणि पहिल्याने 'ओह' म्हटले, अशी तीन पायऱ्यांची रचना घरगुती इंग्रजीत सर्रास दिसते, कारण विचारणाऱ्याला खरोखर माहीत नव्हते हे तिसऱ्या पायरीवर सिद्ध व्हावे लागते. वर्गात शिक्षकाने 'सात आठे किती?' असे विचारले आणि मुलाने 'छपन्न' असे सांगितले, की शिक्षक 'शाब्बास' किंवा 'बरोबर' म्हणतो. त्याने 'ओह' म्हटले तर त्याला स्वतःलाच पाढा येत नव्हता असे होईल. दूरचित्रवाणीवर बातम्यांसाठी मुलाखत घेणारा पत्रकारही 'ओह' कटाक्षाने टाळतो, कारण उत्तर त्याच्यासाठी नसून प्रेक्षकांसाठी असते, आणि 'ओह' म्हणणे म्हणजे उत्तर स्वतःकडे ठेवून घेणे, शिवाय ते खरे मानल्याची कबुली देणे. डॉक्टरही रुग्णाची हकिकत ऐकताना बहुधा 'ओके'वर थांबतात. रुग्णाने सांगितलेल्या लक्षणावर डॉक्टरच्या तोंडून 'ओह' निघाला, तर त्या रुग्णाच्या पोटात गोळा येईल हे समजायला शास्त्राची गरज नाही. ज्या शब्दाला अनावर भावनेचा उद्गार म्हटले गेले, तो माणसे आपापल्या भूमिकेप्रमाणे इतक्या शिस्तीने आवरून धरतात, ही गोष्ट जुन्या व्याख्येला पेलणारी नाही.

'ओह' उत्तराच्या आरंभी आला, तर त्याचा रोख बदलतो. हेरिटेज यांनी 1998 च्या निबंधात दिलेले एक उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. इंग्रज लेखक हॅरल्ड ॲक्टन 1930 च्या दशकात कित्येक वर्षे पेकिंगमध्ये राहिले, तिथल्या विद्यापीठात त्यांनी इंग्रजी साहित्य शिकवले आणि आधुनिक चिनी कवितांची भाषांतरे केली. त्यांना एका मुलाखतीत विचारले गेले, की आपण चिनी बोलायला शिकलात का. त्यांनी 'येस' न म्हणता 'ओह येस' म्हटले, आणि ज्या देशात राहायचे त्याची भाषा आल्यावाचून कसे चालेल, अशा आशयाचे बोलून पुढे गेले. इथे उत्तर देणाऱ्याला कोणतीही नवी माहिती मिळालेली नाही. त्याचे लक्ष मात्र एका अनपेक्षित प्रश्नाकडे एकदम वळवले गेले, आणि 'ओह'ने तेवढेच नोंदवले. हा प्रश्न विचारण्याची गरजच काय, उत्तर तर उघड आहे, हा भाव त्या एका अक्षरात सभ्यपणे मावला. मराठीत अशा वेळी 'म्हणजे काय!' असे येते, पण त्यातला ठसका इंग्रजी 'ओह'मध्ये असेलच असे नाही.

स्वतःच्याच मनात काही उगवले, तरीही 'ओह' येतो. 'ओह, बाय द वे' म्हणत सुरू झालेले वाक्य आत्ता आठवले म्हणून बोललो अशी ग्वाही देते, आणि त्यामुळे विषयाचा सांधा बदलल्याचा दोष बोलणाऱ्यावर येत नाही. गॅलिना बोल्डन यांनी 2006 मध्ये दाखवलेला फरक इथे लक्षात घेण्याजोगा आहे : दूरध्वनीवर समोरच्याच्या आयुष्याची चौकशी करताना इंग्रजी भाषक 'सो'ने सुरुवात करतात, म्हणजे हे विचारायचे मनात होतेच असे सुचवतात, तर स्वतःविषयीचे काही सांगायचे असेल तेव्हा 'ओह' वापरतात, म्हणजे हे ओघात आठवले असे दाखवतात. दुसऱ्याची आठवण मनात जपलेली आणि स्वतःची सहज निघालेली असा हा शिष्टाचार दोन इवल्या शब्दांनी सांभाळला जातो, ही इंग्रजी संभाषणातील मोठी सुंदर गोष्ट म्हटली पाहिजे. ऐकणाऱ्यालाही या खुणेचा उपयोग होतो. जीन फॉक्स ट्री आणि योसेफ श्रॉक यांच्या 1999 च्या प्रयोगांत, ध्वनिमुद्रित बोलण्यातून 'ओह' काढून टाकला असता पुढचे शब्द ओळखायला श्रोत्यांना अधिक वेळ लागला. आता बोलणे वळणार, ही सूचना त्यांना मिळालेली नव्हती.

याचा अर्थ 'ओह'मध्ये भावना नसतेच असा नाही. ती शब्दापेक्षा सुरात असते. वरून खाली उतरणारा ठाम 'ओह' आश्चर्य दाखवतो, खालून वर चढणारा 'ओह?' आणखी सांगण्याचे आमंत्रण देतो, सपाट आणि आखूड 'ओह' निराशा दाखवतो, आणि लांबवलेला 'ओऽऽ' बहुधा उशिरा पडलेल्या प्रकाशाचा असतो. 'ओह वेल' या जोडीत हताशपणा आहे, 'ओह कम ऑन'मध्ये कुरकुर आहे. आश्चर्य दाखवण्याचे प्रकारही पाहावे तितके उत्स्फूर्त नसतात. स्यू विल्किन्सन आणि सीलिया किट्झिंजर यांनी 2006 मध्ये मांडले आहे, की सांगणारा बातमीची मांडणी आश्चर्य वाटावे अशीच करत आणतो आणि ऐकणारा नेमक्या जागी ते व्यक्त करतो.

सर्वच भाषांत ही कामे एका शब्दाकडे नसतात. जर्मनमध्ये माहिती मिळाल्याची नोंद 'आख' करतो, तर न कळलेले आता कळले हे 'आखझो' सांगतो. इंग्रजी दोन्हीकडे 'ओह'च वापरते. मराठीतही 'हो का?', 'असं होय!', 'अच्छा', 'अरेच्चा', 'अगंबाई' असा सगळा परिवार हे काम वाटून घेतो, आणि 'अरे'-'अगं'मध्ये तर समोरच्याचे लिंग व जवळीकही सांगून होते. शाळेत इंग्रजी शिकलेल्या मराठी माणसाला 'ओह' हा आनंद-दुःखाचा शब्द म्हणून ठाऊक असल्याने नवी माहिती मिळाली तरी तो 'येस, येस' किंवा 'ओके' म्हणतो. त्यात त्याला होकार आणि आदर अभिप्रेत असतो, परंतु इंग्रज किंवा अमेरिकन श्रोत्याला ते 'मला हे आधीच माहीत आहे' असे ऐकू येऊ शकते, आणि मग तो एक तर सांगायचे थांबतो किंवा कळले नसावे म्हणून तेच पुन्हा सांगू लागतो. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांनी उद्गारवाचक चिन्हाच्या धड्यात 'ओह'ला अडकवून न ठेवता प्रश्न, उत्तर आणि त्यानंतरचा 'ओह' अशा छोट्या संवादांतून तो शिकवला, तर मुलांना तो सहज उचलता येईल.