जावाची आवृत्ती बदलताना : नेहमीचे प्रश्न व त्यांची उत्तरे

संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींची संख्या आज आपल्या वस्त्यावस्त्यांतून वाढत आहे, ही समाधानाची बाब आहे. कोणी पदविका करीत आहे, कोणी बी.एस्सी. वा एम.सी.ए. करीत आहे, तर कोणी नोकरीस लागले आहे. या सर्वांना कधी ना कधी ‘जावा’ या संगणकीय भाषेशी काम पडतेच. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती अशा ठिकाणची पुष्कळशी कामे याच भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामवर चालतात. या भाषेची नवी आवृत्ती आली की ती घ्यावी काय, घेतली तर जुने काम बिघडेल काय, पैसे पडतील काय, असे प्रश्न विद्यार्थी व नव्याने नोकरीस लागलेले तरुण वारंवार विचारतात. त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे सोप्या भाषेत देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आम्ही कला शाखेचे पदवीधर व व्यवसायाने बँकेतील लिपिक. प्रोग्राम लिहिणे हा आमचा धंदा नव्हे. परंतु कोणत्याही कार्यालयाची संगणक प्रणाली बदलली की तिचे बरेवाईट प्रथम काउंटरवर बसणाऱ्यालाच दिसते. सोमवारी सकाळी पासबुक छापले गेले नाही, तर खातेदार प्रोग्रामरला नव्हे, आम्हांला जाब विचारतो. तेव्हा आवृत्ती बदलणे म्हणजे नेमके काय, हे आम्हांस समजून घ्यावे लागले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रश्न १ : जेडीके म्हणजे काय? त्याच्या इतक्या आवृत्त्या का?

जेडीके म्हणजे जावा डेव्हलपमेंट किट, अर्थात जावामध्ये प्रोग्राम तयार करण्याचा साधनसंच. सुताराच्या पेटीत जशी करवत, रंधा, पटाशी असते, तशी या संचात प्रोग्रामचे रूपांतर करणारा कंपायलर, तो चालविणारे यंत्र व तपासणीची हत्यारे असतात. जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत ही भाषा घडविली. १९९५ साली ती जाहीर झाली व जानेवारी १९९६ मध्ये पहिला जेडीके बाहेर पडला. २०१० साली ओरॅकल कंपनीने सन कंपनी विकत घेतली.

पूर्वी नव्या आवृत्तीसाठी कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. सप्टेंबर २०१७ मध्ये आवृत्ती ९ आली आणि तेव्हापासून दर सहा महिन्यांनी, मार्च व सप्टेंबर महिन्यांत, नवी आवृत्ती काढण्याचा प्रघात पडला. म्हणून आकडे भराभर वाढताना दिसतात.

प्रश्न २ : मग दर सहा महिन्यांनी बदल करीत बसायचे काय?

नाही. यांतील काही निवडक आवृत्त्यांना दीर्घ मुदतीचा आधार दिला जातो. म्हणजे त्यांतील दोष व सुरक्षेतील भगदाडे दुरुस्त करण्याचे काम अनेक वर्षे चालू राहते. आवृत्ती ८ (मार्च २०१४), ११ (सप्टेंबर २०१८), १७ (सप्टेंबर २०२१), २१ (सप्टेंबर २०२३) आणि २५ (सप्टेंबर २०२५) या अशा आवृत्त्या होत. कार्यालयांनी यांपैकी एकीवरून दुसरीवर जावे, हाच सर्वसाधारण रिवाज आहे. मधल्या आवृत्त्या नवे प्रयोग पाहू इच्छिणाऱ्यांसाठी ठीक. त्यांचा आधार सहा महिन्यांतच संपतो.

प्रश्न ३ : जुने चांगले चालले आहे. बदलायचे कशाला?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो व तो गैर नाही. चालत्या गाड्याला खीळ कोण घालील? परंतु दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली सुरक्षेची. ज्या आवृत्तीची दुरुस्ती थांबली, तिच्यात उद्या एखादे भगदाड सापडले तर ते बुजविणारा कोणी नसतो, आणि जेथे लोकांचा पैसा व नोंदी आहेत तेथे हा धोका पत्करणे योग्य नव्हे. दुसरी गोष्ट, सोबतचे सामान पुढे जाते. उदाहरणार्थ, स्प्रिंग बूट हा अतिशय प्रचलित असलेला सांगाडा नोव्हेंबर २०२२ मध्ये आवृत्ती ३ वर आला, तेव्हा त्याने जावा १७ ही किमान अट घातली. जो जावा ८ वर थांबला, त्याला हा नवा सांगाडा वापरता येत नाही.

प्रश्न ४ : जुना प्रोग्राम नव्या जेडीकेवर चालेल काय?

बहुतेक वेळा चालतो. जुन्या आवृत्तीत तयार केलेली फाइल नवे यंत्र वाचू शकते. उलट मात्र होत नाही. नव्यात तयार केलेली फाइल जुन्या यंत्रावर दिली तर ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ अशी तक्रार पडद्यावर येते व सोबत ५२, ५५, ६१, ६५ असा एखादा आकडा दिसतो. विद्यार्थी तो पाहून गोंधळतात. त्याचा अर्थ सोपा आहे : त्या आकड्यातून ४४ वजा करावेत. ५२ म्हणजे आवृत्ती ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७ आणि ६५ म्हणजे २१. घरी नव्या जेडीकेवर केलेला प्रोग्राम महाविद्यालयातील जुन्या संगणकावर चालत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. अशा वेळी कंपायलरला ‘रिलीज’ हा पर्याय देऊन जुन्या आवृत्तीसाठी फाइल तयार करून घेता येते. ही सोय आवृत्ती ९ पासून आहे.

प्रश्न ५ : मग प्रोग्राम बंद पडतात ते कशामुळे?

मुख्यतः चार कारणांमुळे.

एक, काही भाग संचातून काढून टाकले गेले. एक्सएमएल बांधणीचा जॅक्स-बी व वेब सेवेचा जॅक्स-डब्ल्यूएस हे भाग पूर्वी संचातच येत. आवृत्ती ११ मध्ये ते काढले गेले. ते आता वेगळे आणून जोडावे लागतात. जावास्क्रिप्ट चालविणारे नॅशॉर्न हे यंत्र आवृत्ती १५ मध्ये गेले. अॅपलेट ब्राउझरमध्ये चालविणारा जोड व वेब स्टार्ट हेही ओरॅकलच्या आवृत्ती ११ पासून मिळेनासे झाले. जुन्या पाठ्यपुस्तकांत अॅपलेटचे धडे असतात. ते विद्यार्थ्यांनी इतिहास म्हणून वाचावेत. त्यावर वेळ दवडू नये.

दोन, आतल्या खोल्यांची दारे बंद झाली. जावाचे काही अंतर्गत भाग बाहेरच्यांनी वापरू नयेत असे सांगितलेले होते, तरी अनेक लायब्ररींनी ते वापरले. आवृत्ती ९ मध्ये मॉड्यूलची रचना आली, आरंभी केवळ इशारा मिळे. आवृत्ती १६ पासून ही दारे मुळातच बंद ठेवण्यात आली आणि १७ मध्ये ती सरसकट उघडण्याची सोयही काढली गेली.

तीन, नावे बदलली. जावा ईई हा कार्यालयीन कामाचा भाग ओरॅकलने २०१७ साली एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्याचे ठरविले. पुढे त्याचे नाव ‘जकार्ता’ झाले आणि २०२० मधील जकार्ता ईई ९ पासून ‘जावाएक्स’ने सुरू होणारी त्यातील नावे ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली. जेडीके बदलताना नवा सांगाडा घेतला की ही नावेही बदलावी लागतात.

चार, आवृत्तीचा आकडा लिहिण्याची पद्धत बदलली. पूर्वी आठवी आवृत्ती ‘१.८’ अशी लिहिली जाई; नववीपासून सरळ ‘९’, ‘११’ असे लिहितात. जे प्रोग्राम ‘१.’ शोधून निर्णय घेत, ते अडखळले.

प्रश्न ६ : मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे का येतात?

हा प्रश्न आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. शिष्यवृत्तीच्या यादीत मुलीच्या नावाच्या जागी सहा प्रश्नचिन्हे छापली गेली, तर तो दोष किरकोळ म्हणता येणार नाही. नाव हा माणसाचा पहिला दाखला असतो.

कारण असे. फाइल वाचताना वा लिहिताना अक्षरांची कोणती सांकेतिक पद्धत वापरायची हे प्रोग्राममध्ये सांगितले नसेल, तर जावा १७ पर्यंत त्या त्या संगणकाची ठरीव पद्धत घेतली जाई. पाश्चात्त्य मांडणीच्या विंडोज संगणकावर ही पद्धत अशी असे, की तिच्यात देवनागरी अक्षरेच नाहीत. तोच प्रोग्राम लिनक्स संगणकावर बहुधा नीट चाले. मार्च २०२२ मध्ये आलेल्या आवृत्ती १८ पासून सर्व संगणकांवर यूटीएफ-८ हीच ठरीव पद्धत झाली, आणि तिच्यात देवनागरीला पूर्ण जागा आहे.

तथापि तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या पद्धतीने लिहून ठेवलेल्या फाइली नव्या आवृत्तीत उघडल्यास इतर भाषांची चिन्हे बिघडू शकतात. तेथे जुनी पद्धत स्पष्ट लिहिली पाहिजे. काळ्या पडद्यावर दिसणारी अक्षरे अजूनही त्या पडद्याच्या पद्धतीवर अवलंबून असतात. आणि डीटीपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर जेडीके बदलल्याने सुधारत नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

प्रश्न ७ : जावासाठी पैसे भरावे लागतात काय?

भाषा मोफत आहे, पण कोणाकडून संच घेतला यावर अटी ठरतात. येथे अनेक लहान संस्था फसतात. ओरॅकलने जानेवारी २०१९ नंतरच्या आवृत्ती ८ च्या दुरुस्त्या व्यापारी वापरासाठी सशुल्क केल्या. आवृत्ती १७ पासून ओरॅकलचा संच व्यापारी वापरालाही मोफत दिला गेला, परंतु पुढची दीर्घ मुदतीची आवृत्ती आल्यानंतर एक वर्षापर्यंतच. त्या नियमाने १७ च्या नव्या दुरुस्त्यांची मोफत मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. शिवाय जानेवारी २०२३ पासून ओरॅकलने शुल्क संस्थेच्या एकूण कर्मचारीसंख्येवर आकारण्याची पद्धत आणली. जावा वापरणारे चार असोत वा चाळीस.

याला उत्तम पर्याय आहे. ओपनजेडीके हा मूळ प्रकल्प मुक्त परवान्याखाली आहे. त्यावरून तयार केलेले एक्लिप्स टेमुरिन, अॅमेझॉन कॉरेटो, मायक्रोसॉफ्टचा संच हे कोणत्याही कामासाठी मोफत मिळतात. विद्यार्थ्यांनी व लहान संस्थांनी यांपैकी एक घ्यावा. मात्र परवाना वाचल्याशिवाय ‘मान्य’वर बोट ठेवू नये. सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठविण्याचे परिणाम आपल्या वाडवडिलांनी पुरेसे भोगले आहेत.

प्रश्न ८ : प्रत्यक्ष बदल कोणत्या क्रमाने करावा?

आमच्या समजुतीप्रमाणे क्रम असा असावा :

१. चालू प्रोग्रामची व माहितीची प्रत काढून वेगळी ठेवावी.
२. नवा जेडीके जुन्याच्या शेजारी बसवावा. जुना काढू नये. एका संगणकावर दोन्ही राहू शकतात. कोणता वापरायचा हे ‘जावा होम’ व ‘पाथ’ या दोन मांडण्यांवरून ठरते.
३. प्रोग्राम न बदलता प्रथम नव्या यंत्रावर चालवून पाहावा व आलेले इशारे लिहून घ्यावेत.
४. मेव्हन वा ग्रेडलसारखे बांधणीचे साधन, एक्लिप्ससारखा संपादक व सर्व लायब्ररी नव्या कराव्यात. निम्म्याहून अधिक अडचणी येथेच सुटतात.
५. संचातच असलेले ‘जेडेप्स’ हे हत्यार चालवावे. प्रोग्राम कोणत्या बंद खोल्यांत हात घालतो हे ते सांगते. ‘जेडेप्रस्कॅन’ हे मोडीत निघालेल्या सोयींचा वापर दाखविते.
६. मग नव्याने कंपाइल करून सर्व चाचण्या घ्याव्यात. तारीख, वेळ, रक्कम व नावे यांची छपाई डोळ्यांनी तपासावी. आवृत्ती २० मध्ये अमेरिकी इंग्रजी पद्धतीच्या वेळेत आकडा व ‘पीएम’ यांमधील साध्या जागेऐवजी वेगळ्या प्रकारची अरुंद जागा आली. डोळ्यांना फरक दिसत नव्हता, पण ती वेळ वाचणारे प्रोग्राम अडले.
७. शेवटी खऱ्या कामावर लावावे, आणि परत फिरण्याची वाट उघडी ठेवावी.

८ वरून एकदम २१ वर उडी घेता येते. परंतु मोठ्या प्रोग्रामसाठी ११ व १७ या पायऱ्या घेतल्यास दोष कोठला हे लवकर कळते. बदलाचा दिवस महिनाअखेर वा पगाराचा नसावा, हे काउंटरवरील माणसाचे सांगणे.

प्रश्न ९ : आमच्याकडे जुना ३२-बिट संगणक आहे. त्यावर नवा जेडीके बसेल काय?

विंडोजच्या ३२-बिट संगणकांसाठीचा आधार आवृत्ती २१ मध्ये मोडीत काढला गेला व मार्च २०२५ मधील आवृत्ती २४ मध्ये तो पूर्णपणे काढून टाकला. देणगीदाखल मिळालेल्या जुन्या संगणकांवर अभ्यासिका चालविणाऱ्यांनी ही गोष्ट आधी पाहावी. अशा संगणकावर आवृत्ती ८ घालून भाषेचा पाया शिकता येतो.

प्रश्न १० : आम्ही आवृत्ती ८ शिकलो. ते शिक्षण वाया गेले काय?

मुळीच नाही. वर्ग, वारसा, लूप, अपवाद हाताळणे, हे सर्व जसेच्या तसे आहे. लॅम्ब्डा व स्ट्रीम ही महत्त्वाची साधने आवृत्ती ८ मध्येच आली. त्यावर थोडी भर घालावी : १० मधील ‘व्हार’, १५ मधील अनेक ओळींचा मजकूर, १६ मधील ‘रेकॉर्ड’, २१ मधील हलके ‘व्हर्च्युअल थ्रेड’. आवृत्ती ११ पासून एका फाइलचा प्रोग्राम वेगळे कंपाइल न करता थेट चालविता येतो, आणि २५ मध्ये तर नवशिक्याला वर्गाचे वेष्टन न लिहिताही पहिला प्रोग्राम लिहिता येतो. ज्याचा पाया पक्का आहे त्याला ही भर घालण्यास फार काळ लागत नाही. मुलाखतीस जाताना ‘मला ८ येते व १७ मध्ये काय बदलले हे मी करून पाहिले आहे’, असे सांगू शकणारा उमेदवार केवळ प्रमाणपत्र दाखविणाऱ्यापेक्षा पुढे राहतो.

शेवटी एक सांगावेसे वाटते. ही साधने, त्यांची माहितीपत्रके व ओपनजेडीकेचा मूळ कोड सर्वांना खुला आहे. ज्ञानाचे दार इतके उघडे पूर्वी क्वचितच होते. वरील दहा उत्तरांपैकी एक तरी विद्यार्थ्यांनी स्वतः संगणकावर करून पाहावे, आणि जे समजेल ते आपल्यामागून येणाऱ्या धाकट्या भावंडांना शिकवावे, एवढीच विनंती.